नडगीच्या टोकाला साडेदहानंतर कळ : सॉकेटची ‘सवय’ होते का?

डिचोलीचा_मास्तर
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी फेब्रुवारीत अपघातानंतर माझा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शस्त्रक्रिया बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) झाली, जखम छान भरली. जुलैत पहिला पाय बसवला. वरून कडक सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो कप), आत पेलाइटचं म्हणजे मऊ फोमचं अस्तर, गुडघ्याच्या वर पट्टा. दिवाळीपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवतो, म्हणजे दिवसाचे चार-पाच तास उभं राहणं आलंच. सकाळी पाय घालतो तेव्हा मस्त घट्ट बसतो. साडेदहाच्या सुमारास नडगीच्या खालच्या टोकाला कळ सुरू होते, हाड आत कुठेतरी दगडावर टेकतंय असं वाटतं. घरी येऊन पाय काढला की रुपयाच्या नाण्याएवढा लाल चट्टा दिसतो. पूर्वी तो जायचा, आता दुसऱ्या दिवशी सकाळीही काळसर राहतो. जिथे पाय बनवला तिथे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, “सवय होईल, चालत राहा.” मीच मग सुती कापडाची घडी करून त्या जागेवर ठेवली, तर दुखणं वाढलं.

खरंच सवय होते का? की काही चुकतंय? तुम्हाला कसं कळलं ते सांगा. शाळेत खुर्चीवर बसून शिकवायची माझी तयारी नाही.

जुना_खलाशी
मास्तर, सवय होते. माझा पाय २००१ साली बोटीवर दोरात सापडून गेला. हा चौथा पाय आहे. पहिल्या वर्षी मीही रडलो. रोज रात्री स्पिरिट चोळायचो, कातडी राठ झाली, मग काही वाटेनासं झालं. आता पेडण्याच्या बाजारात भाजीची पिशवी घेऊन सगळीकडे फिरतो. थोडं सोसा.

आबोली
काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण हे “थोडं सोसा” मला मान्य नाही. माझे बाबा ६८ वर्षांचे, फोंड्याला असतात. मधुमेहामुळे उजवा पाय गेला. त्यांनीही सोसलं, कारण त्यांना दुखतच नव्हतं. मधुमेहात संवेदनाच कमी झालेल्या. एके दिवशी स्टंपवरचा, म्हणजे उरलेल्या पायावरचा सॉक्स काढला तर त्याला रक्त लागलेलं. नडगीच्या हाडावर जखम, आणि ती भरायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस पाय कोपऱ्यात उभा आणि बाबा पलंगावर.

मास्तर, चट्टा दुसऱ्या दिवशीही काळसर राहत असेल तर पाय घालणं कमी करा आणि कुणाला तरी दाखवा. दुखतंय हे तुमचं सुदैव समजा, बाबांना ती सूचनाही मिळाली नाही.

फेरीबोट
सॉक्स किती प्लायचे, म्हणजे किती जाडीचे घालता मास्तर? आणि जुलैत किती घालत होता?

डिचोलीचा_मास्तर
एक तीन प्लायचा. जुलैतही तोच. दिला तोच घालतोय. बदलायचा असतो का?

प्लास्टरवाला
मी मूळचा साखळीचा, पुण्यात प्रोस्थेटिस्ट म्हणून, म्हणजे कृत्रिम हातपाय बनवायचं काम करतो. फेरीबोटनी नेमका प्रश्न विचारला. मास्तर, तुमच्या शेवटच्या ओळीत अर्धं निदान आहे. जरा सविस्तर लिहितो.

खाजनातल्या चिखलातून चालताना आपण फळी टाकतो. वजन तेवढंच, पण फळीवर पसरतं म्हणून पाय रुतत नाही. सॉकेटचं काम हेच. तुमचं सगळं वजन तळव्याऐवजी अशा कातडीवर आणि स्नायूंवर येतं, ज्यांची घडण त्यासाठी झालेलीच नाही. म्हणून ते पसरवायचं, आणि पसरवताना सोसणाऱ्या जागांवर जास्त, न सोसणाऱ्या जागांवर कमी द्यायचं.

सोसणाऱ्या जागा : गुडघ्याच्या वाटीखालची जाड शीर, नडगीच्या आतल्या बाजूचा वरचा रुंद उतार, नडगीच्या बाहेरच्या बाजूचा मांसल भाग, मागे पोटरी. न सोसणाऱ्या : नडगीची धार, तिचं कापलेलं टोक, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली हाताला लागतो तो हाडाचा गोळा. त्या गोळ्याला वळसा घालून एक नस जाते. तिच्यावर दाब आला की नसलेल्या पायाच्या बोटांत मुंग्या येतात आणि माणूस घाबरतो.

तुमच्या वर्णनावरून सॉकेट पीटीबी (पटेलर टेंडन बेअरिंग, म्हणजे वाटीखालच्या शिरेवर भार) पद्धतीचं दिसतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बर्कलेला ही पद्धत आकाराला आली. नावात वाटीखालची शीर आहे म्हणून सगळं वजन तिच्यावर असतं असा समज होतो. तसं नाही, तळासकट सगळीकडे स्पर्श हवाच.

आता तुमचं. शस्त्रक्रियेनंतर पहिलं वर्षभर स्टंप बारीक होत जातो. सूज उतरते, न वापरलेले स्नायू आटतात. शिवाय रोजच्या रोजही उभं राहिलं, चाललं की आतलं पाणी दाबानं निघून जातं आणि तो सकाळपेक्षा दुपारी बारीक असतो. सॉकेट मात्र तेवढंच. मग स्टंप आत खाली घसरतो आणि टोक तळावर आदळतं. सकाळी घट्ट आणि साडेदहाला कळ, हे त्याचंच लक्षण.

घरी एक तपासणी करा. सुपारीएवढा कणकेचा गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून अस्तराच्या तळाशी टाका. नेहमीचा सॉक्स घालून पाय चढवा, पूर्ण वजन देऊन उभे राहा, मग काढून बघा. सकाळी एकदा आणि कळ येते तेव्हा एकदा. जरासा चेपला तर ठीक. पापडासारखा पातळ झाला तर तुम्ही तळावर टेकताय. अजिबात चेपला नाही तर तळाला स्पर्शच नाही, तेही वाईट. तिथे पोकळी राहिली की टोकाला सूज येते, कातडी काळी, जाड, खडबडीत होते.

आणि ती कापडाची घडी आजच काढा. दुखऱ्या जागी काही ठेवलं की तिथला दाब वाढतो. आम्ही गादी लावतो ती दुखऱ्या जागेच्या आजूबाजूला, म्हणजे हाड उचललं जातं.

खलाशी काका, स्पिरिट आता कुणी सांगत नाही. कातडी कोरडी पडून भेगा जातात, आणि भेगेतून जंतू आत शिरतात.

जुना_खलाशी
स्पिरिटचं मान्य. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. पण राठ होण्यात फायदा नाही असं कसं म्हणता?

प्लास्टरवाला
काका, तुमची कातडी नेमकी कुठे राठ आहे ते बघून सांगाल?

सुरंगी
माझा पाय जाऊन नऊ वर्षं झाली. चोडणहून रोज फेरीबोटीनं पणजीला नोकरीला जाते. पहिली चार वर्षं पेलाइट, नंतर सिलिकॉनचा लायनर (स्टंपवर मोज्यासारखा चढतो तो) आणि खाली पिन लॉक (त्याला सॉकेटमध्ये अडकवणारी खीळ). मास्तर, जमलं तर लायनरचा विचार करा. कातडीवर घासणं जवळजवळ बंदच झालं, कारण जे काही सरकतं ते लायनर आणि सॉकेटच्या मध्ये. आइसलँडचे ओसुर क्रिस्टिनसन, जे स्वतः कृत्रिम पाय वापरत, त्यांनी १९८०च्या दशकात हा सिलिकॉनचा लायनर आणला. ज्याचं दुखतं त्यालाच सुचतं.

घाम मात्र येतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी लायनर उलटा केला तर पाणी ओघळतं. ऑफिसच्या बाथरूममध्ये दोनदा काढून पुसते. रात्री सौम्य साबणानं धुते, उन्हात नाही, सावलीत वाळवते. एकदा कंटाळा केला आणि आठवड्यात केसांच्या मुळाशी फोड आले.

फेरीबोट
सुरंगीताई, लायनर चांगलाच, पण एकाची किंमत ऐकून माझ्या भावानं फोन ठेवला होता. वर तो दीड-दोन वर्षांत फाटतो, परत घ्या. मास्तरांचा सॉकेटच सैल असेल तर लायनर घालून काय होणार?

सुरंगी
पैशांचं खरं आहे. मी कर्ज काढून घेतला, ते लिहायचं टाळलं. आणि बरोबर, बेढब सॉकेटमध्ये महाग लायनर घातला तरी हाड टोचतंच.

एक सांगते, पहिल्या महिन्यात मी सुती सॉक्स लायनरच्या आत, कातडीवर घालत होते. पकड गेली, पाय वर-खाली व्हायला लागला. जेलच्या लायनरमध्ये सॉक्स बाहेरून चढवायचा असतो, पिनसाठी भोक असलेला. पेलाइटमध्ये मात्र तो कातडीच्या बाजूला. हे मला नीट सांगितलंच नव्हतं.

शिरगावची_पणती
आमच्या शेजारच्या काकांना शिबिरात पाय मिळाला. एका दिवशी माप, थोड्याच दिवसांत पाय, फोटो, हार. त्याबद्दल कृतज्ञता आहेच, काकांकडे पैसे नव्हते. पण महिन्यानं टोचायला लागलं तेव्हा दाखवायचं कुणाला? शिबिर गेलेलं. त्यांनी सुताराकडून सॉकेटला टोचणाऱ्या जागी भोक पाडून घेतलं. आता त्या भोकातून मांस फुगून बाहेर येतंय आणि कडेला जखम आहे.

प्लास्टरवाला
भोक कधीच पाडू नका. जिथे दाब नाही तिथे मांस फुगतं आणि भोकाची कड कातडीत रुतते. काकांना लवकर चांगल्या केंद्रात न्या. शिबिरातला सॉकेट एचडीपीई प्लास्टिकच्या पाइपचा असेल तर थोडी आशा आहे. ते प्लास्टिक तापवून प्लास्टरच्या ठशावर ओढलेलं असतं, पुन्हा तापवून ठरावीक जागी फुगवता येतं. पण भोक पडलेला सॉकेट बहुधा बदलावाच लागेल.

शिबिरांबद्दल माझंही मत सांगतो. जयपूर फूट १९६०च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला. अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, शेतात उतरणाऱ्या माणसांसाठी त्याहून मोठं काम क्वचितच कुणी केलं असेल. १९७५पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत देते. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी १९७२ची, तिच्या वस्तू सरकारी योजनेतून मिळतात. हे नसतं तर लाखो लोक कुबड्यांवर राहिले असते. पण सॉकेट म्हणजे चष्मा नव्हे, एकदा नंबर काढला आणि झालं. पहिल्या वर्षात तीन-चार वेळा हात फिरवावाच लागतो. पाय देताना तेवढ्या भेटींची सोय झाली पाहिजे. ती होत नाही तिथे चांगला पायही कोपऱ्यात पडतो.

आबोली
+१. आणि गोव्यात हे फार महत्त्वाचं आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. बाबांसारखी, दुखणं न कळणारी माणसं इथे गावोगाव असणार. त्यांना “दुखलं की या” सांगून उपयोग नाही.

आम्ही आता रोज रात्री पाय काढल्यावर आरशात स्टंप सगळीकडून बघतो. लाल दिसलं की मोबाइलवर वेळ लावते. दहा-पंधरा मिनिटांत गेलं तर ठीक. राहिलं तर दुसऱ्या दिवशी पाय नाही, आणि प्रोस्थेटिस्टला फोन.

डिचोलीचा_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार. कणकेचा प्रयोग आज केला. बायको म्हणाली, पोळ्यांच्या कणकेचं हे काय चाललंय, पण नंतर तीच मोजपट्टी घेऊन बसली. सकाळी साडेसहाला गोळा जरा चेपला. शाळेतून आल्यावर केला तर खरोखर पापड.

मग एक तीन प्लायचा सॉक्स वाढवला, एकूण सहा. टोकाची कळ बरीच कमी. पण आता नडगीच्या धारेवर वरपासून दाब जाणवतोय, पूर्वी तो नव्हता. मी काही चुकलो का?

प्लास्टरवाला
चुकला नाहीत. सॉक्स सगळीकडे सारखाच जाड असतो, स्टंप मात्र सगळीकडे सारखा आटत नाही. मांस आटतं, हाड तेवढंच राहतं. तुमची मागची पोटरी कमी झालीय आणि सॉक्सनं पुढचं हाडही आवळलं. अशा वेळी अस्तराच्या मागच्या बाजूला आणि नडगीच्या दोन्ही अंगांना पातळ गाद्या चिकटवायच्या, धारेवर काहीच नाही. हे घरी करू नका. लिपस्टिक घ्या, दुखऱ्या जागी सॉक्सच्या बाहेरून ठिपका द्या आणि पाय घाला. अस्तरावर तो उमटेल. तसंच घेऊन केंद्रात जा. “इथे” म्हणून बोट दाखवलं की ते ऐकतात, नुसतं “दुखतं” म्हटलं की सवय होईल म्हणतात.

दहा-पंधरा प्लायपर्यंत गेलात तर मात्र डागडुजी थांबवा. तेव्हा नवा सॉकेटच हवा.

अजून एक. दिवाळीपर्यंत बरं होतं म्हणालात. दिवाळीला नवीन चपला घेतल्या का?

डिचोलीचा_मास्तर
तुम्हाला कसं कळलं?! हो, शाळेसाठी सँडल घेतले. जुन्यापेक्षा टाच जरा उंच आहे.

प्लास्टरवाला
पायाचा पंजा ट्रायलच्या वेळी घातलेल्या चपलेच्या टाचेप्रमाणे लावलेला असतो. घोटा तर हलत नाही. टाच उंच झाली की सगळा पाय पुढे कलतो, गुडघा वाकायला बघतो आणि नडगीचं खालचं टोक सॉकेटच्या पुढच्या भिंतीवर दाबलं जातं. टाच कमी झाली की उलट, गुडघा मागे ढकलला जातो. जुने सँडल घालून बघा.

फेरीबोट
म्हणजे घरात अनवाणी फिरलं तरी हेच? माझा भाऊ घरात चप्पल घालत नाही, देवघर मध्येच आहे. संध्याकाळी गुडघ्याच्या मागे दुखतं म्हणतो.

प्लास्टरवाला
त्याचा पाय बुटावर लावलेला असेल तर हो. घरासाठी एक वेगळी, तेवढ्याच टाचेची स्वच्छ चप्पल ठेवा. किंवा पुढच्या वेळी सांगा, मला अनवाणी चालायचंय. जयपूर फुटाचा मोठा गुण हाच.

कुळागर
विषय निघालाच आहे तर, चवथीला तुम्ही लोक काय करता? जमिनीवर बसून आरती, जेवणावळ, भजन. माझा पाय डिसेंबरात गेला, ही पहिली चवथ असेल. मांडी घातली की सॉकेटची मागची कड गुडघ्यामागच्या दोऱ्यांत घुसते.

जुना_खलाशी
बाबा, घुमट आरतीला मी उभाच असतो, घुमट वाजवतो, त्यात पाय आठवत नाही. बसायचं झालं की पाय काढून भिंतीला उभा करतो आणि पाटावर बसतो. पहिल्या वर्षी लाज वाटली. मग पुतण्याच्या चार वर्षांच्या पोरानं विचारलं, “आजोबा, गणपतीला पण पाय काढून बसायला सांगू?” सगळे हसले आणि माझी लाज गेली ती गेलीच.

एवढं लक्षात ठेव, तासभर काढून बसलास की स्टंप फुगतो. परत घालताना एक सॉक्स कमी घाल, दहा मिनिटं चाल, मग वाढव. जोर लावून कोंबू नको.

सुरंगी
मागची कड प्रोस्थेटिस्टला थोडी उतरवता येते, कुळागर. पण फार उतरवली तर पोटरीचा आधार जातो. जमिनीवर बसणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे ते माप देतानाच सांगा. मी पहिल्यांदा सांगितलं नव्हतं, दुसऱ्यांदा स्टुलावर बसून, वाकून, सगळं करून दाखवलं.

फेरीबोट
बाइकचं काय करता? डाव्या पायानं गिअर टाकताना पंजाखाली काही कळत नाही म्हणे.

सुरंगी
बिनगिअरची स्कूटर. विषय संपला :)

जुना_खलाशी
प्लास्टरवाला, तुम्ही विचारलं होतं ते आज नीट बघितलं. सुनेनं आरसा धरला. राठ कातडी वाटीच्या खाली आणि आतल्या बाजूच्या उतारावर आहे. नडगीच्या टोकावर राठ नाही, तिथे दोन जुने वण आहेत. ते कधीचे हे मला आठवतं. पहिल्या दोन वर्षांतले, सोसलं तेव्हाचे.

म्हणजे वजन जिथे यायला हवं तिथे सवय झाली. टोकावर सवय झाली नव्हती, दुसऱ्या सॉकेटनं ते वाचलं. मी ते सवयीच्या खात्यावर लिहीत होतो. मास्तर, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. सोसू नका.

आबोली
काका, हे लिहिलंत त्याबद्दल तुम्हाला नमस्कार.

डिचोलीचा_मास्तर
तीन आठवड्यांनी लिहितोय, परीक्षांच्या गडबडीत होतो.

जुने सँडल दुसऱ्याच दिवशी पुन्हा घातले. फरक लगेच जाणवला. नंतर लिपस्टिकचा ठिपका घेऊन केंद्रात गेलो. या वेळी तिथे दुसरी एक तरुण प्रोस्थेटिस्ट होती. तिनं अस्तर बाहेर काढून ठिपका बघितला, स्टंपचा घेर तीन ठिकाणी मोजला आणि जुलैच्या नोंदीशी ताडून पाहिला. पोटरीकडे घेर बराच कमी झालेला. मागे आणि नडगीच्या दोन्ही बाजूंना गाद्या लावून दिल्या. तीही म्हणाली, हे दोन-तीन महिन्यांपुरतं, जूनच्या आधी नवं माप घेऊ. तेव्हा आधी पारदर्शक प्लास्टिकचा सॉकेट करणार आहे. त्यातून कातडी दिसते. जिथे पांढरी पडते तिथे दाब जास्त, ते बघून मग पक्का सॉकेट.

आता शाळेच्या पिशवीत एक प्लायचे दोन आणि तीन प्लायचा एक सॉक्स असतो. मधल्या सुट्टीत स्टाफरूमचं दार लावून एक वाढवतो. पहिल्यांदा सहशिक्षकांसमोर संकोच वाटला, आता तेच घड्याळ बघून आठवण करतात. सोमवारी पाच तास घेतले, चारांत उभा होतो. घरी येऊन पाय काढला, चट्टा होता, पण फिकट, आणि चहा होईपर्यंत गेला.

आबोलीताई, बाबांचं कसं आहे? आणि तो आरसा कुठला घेतलात? माझ्याकडचा दाढीचा आरसा धरून मागचं काही दिसत नाही.

आबोली
बाबा आता अंगणापर्यंत जातात, परवा शेजाऱ्यांकडे गेले. आरसा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतला, लांब दांड्याचा, वाकणारा. रात्री टॉर्च तोंडात धरावा लागतो, तेवढं सोडलं तर उत्तम चालतो.

जुना_खलाशी
एक माझ्यासाठीही आणशील का बाय? येत्या शुक्रवारी मीच येतो म्हापशाला, बाजाराच्या दाराशी भेटू.